भोंग्याची चाल

पुंगोल, सिंगापूर
५ जानेवारी २०१४

दिलीप,

वर 'आशीर्वाद' लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. अकरा वर्षं आपलं बोलणं नाही, त्यात आशीर्वाद म्हणजे तुला डिवचल्यासारखं होईल. म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू कापतोस. पत्र फार तर फाडशील, आणि फाडायच्या आधी माणूस एकदा नजर टाकतोच.

शुभदाने माझ्या सुयशला फोनवर सगळं सांगितलं. सुयश माझ्यापासून लपवायला बघत होता, पण हा फ्लॅट केवढासा. माझ्या खोलीच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

प्रबोधचा मुलगा तन्मय तुझ्या दारी आला, तुझ्या लेकीशी, नीताशी, लग्न करायचं म्हणून सांगायला. एकटा आला, हातात नारळ घेऊन आला. तू त्याला आत घेतलंस, कडी लावलीस आणि नळाच्या पाइपने मारलंस. गळ्याखालचं हाड मोडेपर्यंत मारलंस. नीता मध्ये पडली तर तिच्या मनगटावर बसला. त्या पोराने दवाखान्यात जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं, तुझं नाव घेतलं नाही. आणि तू गल्लीत उभा राहून ओरडलास की पुन्हा दिसला तर त्याचा डोळा काढून बापाच्या हातावर ठेवीन.

पोरं मे महिन्यात नोंदणी करून लग्न करणार म्हणतात. तू त्या दिवशी ऑफिसच्या बाहेर पाइप घेऊन उभा राहणार म्हणतोस. शुभदा रडत होती. सुयश म्हणाला, काकू, रागात बोलतात माणसं. मी भिंतीच्या अलीकडे बसून मनात म्हटलं, हा आपल्या काकाला ओळखत नाही. तू बोलतोस ते करतोस. आपण दोघंही तसलेच.

दिलीप, पोराचा काय दोष? तुझा डोळा गेला तेव्हा तो आईच्या पोटात होता. त्यासाठी प्रबोधला दोन वर्षांची कैद झाली, ती तो भोगून आला. आता त्याचं वय बघ, आपलं बघ. तू विचारशील, याला आताच कुठून पुळका आला. मोठा भाऊ म्हणून लिहितोय. दुसरं कारण नाही.

अजून एक. कॉपर केटल्स इथे येणार आहेत. हो, तेच, आपले. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, खांबाखांबावर त्यांची चित्रं लागलीत. शेवटचा दौरा म्हणे, सगळी गाजलेली गाणी एका कार्यक्रमात. नात, ऋचा, पंधरा वर्षांची आहे, तिला तिच्या बापाच्या ऑफिसातून तिकिटं मिळाली. मला म्हणाली, आजोबा, हे फार जुने ब्रिटिश लोक आहेत, तुम्हाला नाही कळणार. मी म्हटलं, मी यांची सात गाणी वाजवलीत. ती हसली. मग मी भोंग्याची चाल शीळ घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. तिचा चमचा हातातच राहिला.

गोळ्या वेळेवर घेतो. गुडघा दुखतो. पाइप घरात ठेवू नकोस, प्लंबरला देऊन टाक.

मनोहर


पुंगोल
२६ जानेवारी २०१४

दिलीप,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडतो. इथे प्रत्येकाची लोखंडी पेटी असते आणि माझ्या पेटीत फक्त पिझ्झावाल्यांचे कागद येतात.

शुभदा म्हणते तू पत्र वाचलंस आणि खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस. त्यावर मी पुढचं लिहितोय.

ऋचा मला रोज जेवताना त्या लोकांची हकीकत वाचून दाखवते. आपण त्यांची गाणी सात-आठ वर्षं फुंकली, पण ते कोण, कुठले, काही माहीत नव्हतं. हल नावाच्या बंदरगावची पाच पोरं. एकाचा बाप मासळी उतरवणारा, एकाचा बोटीवर खलाशी. एकाहत्तर साली एका पबच्या मागच्या खोलीत सुरुवात. पहिली रेकॉर्ड कोणी घेतली नाही. दुसरीच्या वेळी त्यांनी घरच्या तांब्याच्या किटल्या वाजवल्या, त्यावरून नाव पडलं. मग पंचाहत्तर साली भोंगा आला. त्यांनी त्या गाण्याला दिलेलं नाव वेगळं आहे, संडे फेरी, म्हणजे रविवारची बोट. सात आठवडे पहिला नंबर. तू म्हणायचास ना की ही चाल कुठल्या तरी कारखान्याची असणार, पाळी सुटल्याचा भोंगा आहे. ती बोट होती. आपण पस्तीस वर्षं बोटीला कारखाना समजलो.

तुला आठवतं का, कॅसेट कशी आली? एकोणऐंशी साली एका परदेशी बोटीवरच्या खानसाम्याच्या मुलीचं लग्न आपण वाजवलं. ठरलेल्या बिदागीवर त्याने खूश होऊन कॅसेट दिली. बाहेर कव्हर नाही, नुसता पेनाने लिहिलेला कागद. आपण खिडक्यांना ओली पोती लावून गोदामात बसलो होतो. तू क्लॅरिनेटवर सूर काढायचास, मी ट्रंपेटवर. पोती कशाला, हे नवीन माणसाला सांगून पटणार नाही. पण आपल्या धंद्यात चाल म्हणजे घर होतं. जो चाल गावात पहिली आणेल, त्याची ती. दुसऱ्याने ती वाजवायची नाही, तो बँड चालू असेतोवर नाही. वाजवली तर ती चोरी, आणि चोराला कोर्टात न्यायचं नाही, रस्त्यात घ्यायचं.

आपण घेतलं आहे. त्या पिपाणीवाल्याला विसरलास? खिडकीबाहेर उभा राहून चाल टिपत होता. तू त्याचे हात मागे धरलेस आणि मी त्याच्या तोंडावर पितळी झांज घातली. दोन दात पडले, वरचा ओठ फाटला. पुन्हा त्याला फुंकता आलं नाही. पुढे तो मंडईत हमाली करताना दिसायचा, मला बघून मान खाली घालायचा. आपण त्यावर हसलो होतो. मी जास्त हसलो होतो.

त्यानंतर आपला मोठा ढोल बघ, त्यावर लाल अक्षरांत 'दोन भाऊ ब्रास बँड'. शहाऐंशीच्या मे महिन्यात एका दिवशी तीन-तीन लग्नं. नवरदेव घोड्यावर बसून त्याची परण्या वाजतगाजत निघाली की लोक आधी विचारायचे, भोंगा वाजवणारे तुम्हीच ना?

आणि त्या दुपारी चौकात दोन परण्या समोरासमोर आल्या. दोन्ही नवरदेव घोड्यावर, ऊन डोक्यावर. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला प्रबोधचा बँड. आपण थांबलो, त्यांना जाऊ द्यायला. आणि प्रबोधने ट्रंपेट वर करून ते तीन लांब सूर काढले. भोंगा. आपल्या तोंडावर. आपल्याच वऱ्हाडाने नाचायला सुरुवात केली.

तू क्लॅरिनेट टाकलीस, धावत जाऊन त्याची कॉलर धरलीस आणि विचारलंस, कुठून उचललीस? तो काय म्हणाला ते तू कोर्टातही सांगितलंस. "दुकानातून आणली." त्याच्या मागचे लोक हसले. दुकानातून. आपण पोती लावून बसायचो आणि हा म्हणतो दुकानातून. त्या उद्धटपणाने माझं डोकं गेलं.

मग दोन्हीकडचे भिडले. झांजा, काठ्या, नवरदेवाच्या घोड्याच्या लाथा. आणि त्या गर्दीत प्रबोधने तुझ्या डाव्या डोळ्यात ट्रंपेट घातली. पुढचं तुला माहीत आहे.

हे उगाळायचं कारण एवढंच की मला त्या पोराची काळजी वाटते. तू कुणालाही मारू नकोस. मला इथे काही झालं तर सुयशला माझ्या इथे राहायच्या पास वगैरेचा त्रास होईल, रक्तदाब वाढलाय.

मनोहर


पुंगोल
१६ फेब्रुवारी २०१४

दिलीप,

काल माझ्या हातून एका माणसाला मार बसला. तू हे शुभदाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

स्टेडियम भरलेलं होतं. दहा हजार माणूस असेल. चिनी, मलाय, गोरे, आपले लोक. माझ्यासारखी पांढऱ्या केसांचीही पुष्कळ. मी छत्री नेली होती, आत घेऊ देतील की नाही म्हणून दारापर्यंत घाबरलो होतो. लांब दांड्याची. दिली आत नेऊ. दिली नसती तर बरं झालं असतं.

पाचांतले तीनच उरलेत. ढोलकवाला मेला, एकाने देवधर्म धरला. गाणारा माझ्याच वयाचा दिसतो, पोट सुटलेलं, पण आवाज शाबूत. ऋचा कानाशी लागून इथल्या पोरांच्या लकबीत म्हणाली, "आजोबा, दे आर सो ओल्ड लाह." एकामागून एक गाणी. छत्रीवालं गाणं, तारेचं गाणं, ते हळू गाणं जे आपण विहिणींच्या पंगतीला वाजवायचो. दिलीप, आपण एकही सूर चुकीचा वाजवत नव्हतो. मला एवढा आनंद झाला की मांडीवर बोटं चालायला लागली.

मग गाणाऱ्याने एक किस्सा सांगितला. ऋचाने मराठी करून दिलं. त्र्याऐंशी साली त्याने आणि ढोलकवाल्याने एका गाण्याच्या श्रेयावरून मारामारी केली. याने माइकच्या खांबाने त्याचं नाक फोडलं, त्याने याचे तीन दात पाडले. तिथून बँड मोडला तो दहा वर्षं. हा म्हणाला, आता तो गेलाय आणि दात मात्र अजून ढिले आहेत. सगळे हसले. मला हसता येईना. मी आपल्या पिपाणीवाल्याचा ओठ बघत होतो.

आणि तेवढ्यात भोंगा. तीन लांब सूर.

सगळे उठले. दहा हजार माणसं उभी राहिली आणि गायला लागली. वाद्यं बंद केली त्या लोकांनी, नुसते हात वर करून उभे राहिले, आणि ही माणसं पहिल्यापासून शेवटपर्यंत गात होती. चिनी बायका, मलाय पोरं, सगळ्यांना पाठ. शब्द पाठ, चाल पाठ, मध्येच जिथे तू क्लॅरिनेटने एक गिरकी घ्यायचास ती जागासुद्धा तोंडाने घेत होते. मला घाम फुटला. कान गरम झाले. मला वाटलं, सगळे चोर आहेत. खरं सांगतो, हेच वाटलं. आमची आहे, तुम्ही कोण.

पुढच्या रांगेतला एक माणूस वळला. चिनी, पन्नाशीचा, चष्मेवाला. गात गात वळला, हसत माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे, तुम्हीही म्हणा. मी छत्री उलटी धरली आणि दांडा त्याच्या तोंडावर घातला. पूर्ण ताकदीने. चष्म्याची काच फुटली. डाव्या भुवईवर कातडं उघडं पडलं आणि रक्त गालावरून शर्टात गेलं. मी दुसऱ्यांदा उगारली होती. ऋचाने छत्रीला लोंबकळून थांबवलं.

रखवालदार आले, मग पोलीस आले. मला एका खोलीत बसवलं. पाणी दिलं. मी थरथरत होतो आणि माझा हात मात्र थरथरत नव्हता, मी बघत होतो त्याच्याकडे. पोलीस त्या माणसाला विचारत होते, तक्रार करणार का. त्याच्या भुवईवर पट्टी बांधत होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नेव्हर माइंड, अंकल. नेव्हर माइंड." पोलिसाला म्हणाला, म्हातारा आहे, घाबरला गर्दीला. माझा बापही शेवटी असाच झाला होता. आणि गेला.

मला कुणी काही केलं नाही, दिलीप. सुयशने सही केली आणि मला घरी आणलं. ऋचा रडत होती. घरी आल्यावर तिने तिथे घेतलेलं चित्रांचं पुस्तक माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाली, तुमचा बँड घ्या. एवढंच.

आज दुपारी मी ते पुस्तक उघडलं. इंग्रजी मला वाचता येत नाही, चित्रं बघत होतो. शेवटी एक पान आहे, त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड, कॅसेट, कुठे कुठे निघाल्या त्यांची कव्हरं. 'ग्रेटेस्ट हिट्स', सन शहाऐंशी. जर्मनीचं, जपानचं, आणि एक आपलं. त्यावर कोपऱ्यात हिंदीत किंमत छापलेली. पस्तीस रुपये. मी ऋचाच्या दारावर टकटक केली, तिने उघडलं, चेहरा दुसरीकडे ठेवून वाचून दाखवलं. मार्च एकोणीसशे शहाऐंशी, भारत.

मार्चमध्ये आली. आपली मारामारी मेमध्ये झाली.

तो खरं बोलला होता. दुकानातून आणली.

मनोहर


पुंगोल
१८ फेब्रुवारी २०१४

दिलीप,

हे पत्र तू एकट्याने वाच. शुभदा जवळ असेल तर तिला जरा बाहेर जायला सांग. नीताला तर नकोच.

त्या मारामारीच्या आधी तीन दिवस तू प्रबोधबरोबर चहा पिताना मला दिसला होतास. बसस्टँडसमोर. तू सांगितलंस, क्लॅरिनेटची पत्ती मागायला गेलो होतो. मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. माझ्या डोक्यात बसलं की तू चाल विकलीस. तुझ्याशिवाय ती कुणाला येत नव्हती. ढोलवाल्यांना ठेका माहीत होता, चाल तुला आणि मला. मला वाटलं, धाकट्याला वेगळा बँड काढायचाय. तीन दिवस मी तुझ्या ताटाला ताट लावून जेवलो आणि तुझ्याकडे बघत राहिलो.

चौकात त्याने भोंगा काढला तेव्हा मला पुरावाच मिळाला. तू त्याची कॉलर धरलीस तर मला ते नाटक वाटलं. तो म्हणाला दुकानातून, तर मला वाटलं, तुला वाचवतोय.

तू आठव. कोर्टात तुला कुणी हे विचारलं नाही, कारण मी विचारू दिलं नाही. तू दोन्ही मुठींत त्याची कॉलर धरली होतीस. त्याचे दोन्ही हात तुझ्या मनगटांवर होते, सोडवायला. दोन्ही. त्याची ट्रंपेट दोरीने गळ्यात लटकत होती. मग तुझ्या डाव्या बाजूने काय आलं?

मी आलो. गर्दी फोडून आलो. ट्रंपेट नळीकडून धरली होती, कुऱ्हाड धरतात तशी. तू माझ्याकडे वळत होतास, मला वाटतं तुला मदत हवी होती. मी तोंडाची कडा तुझ्या डोळ्यात घातली. मोजून एकदा. पितळ हाडावर आपटल्याचा आवाज मला अजून येतो, ताट पडल्यासारखा. तुझ्या डोळ्यातून जे आलं ते माझ्या बाहीवर आलं, गरम होतं. तू मला धरूनच खाली बसलास. "दादा, बघ रे काय झालं," म्हणालास. मलाच.

आणि मग मी जे केलं ते मारण्यापेक्षा वाईट. त्याच्या गळ्यातली दोरी तुटून त्याची ट्रंपेट पायाखाली आली होती. दोन्ही मेरठच्या, एकाच दुकानच्या. मी माझी रक्ताची तिथे टाकली आणि त्याची उचलली. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी तुला मांडीवर घेऊन बसलो होतो. बोट प्रबोधकडे केलं. सख्खा भाऊ मांडीवर रक्तबंबाळ, तेव्हा माझ्यावर कोण शंका घेणार? कोर्टात शपथेवर सांगितलं. त्याला दोन वर्षं झाली. सात महिन्यांची गरोदर बायको कठड्याजवळ उभी होती, मला हात जोडत होती. मी ट्रंपेटकडे बघत राहिलो.

तू मला म्हणायचास, "डोळा प्रबोधने घेतला आणि बँड तू घेतलास." दुसरा डोळा शाबूत होता, तू वाजवायला तयार होतास, आणि मी वर्षाच्या आत बँड मोडून शाळेत शिपाई झालो. तुला वाटलं मला तुझी लाज वाटली, एका डोळ्याचा भाऊ शोभत नाही पुढे चालायला. ते साचत गेलं आणि अकरा वर्षांपूर्वी तू बोलणंच टाकलंस. ते तसं नव्हतं. मी ट्रंपेट तोंडाला लावायचो आणि बाजूला तू उभा असायचास, पट्टी बांधलेलं तोंड घेऊन, माझ्याकडे बघून सूर धरायचास. मला फुंकता येईना.

स्टेडियमात त्या चिनी माणसाला मारलं तेव्हा कळलं की तेव्हा राग आला होता असं जे मी स्वतःला सांगत होतो ते अर्धंच आहे. हात तयार असतो माझा. तुझाही असतो. आणि आता तू त्या पोराचा डोळा काढायला निघालास, माझ्या हाताच्या नावाने.

मला माझी खात्री नाही. हे लिहून मी पेटीत टाकेन की नाही याची नाही. म्हणून टाकायच्या आधी प्रबोधला फोन केला. नंबर शुभदाकडून घेतला, तिला कारण सांगितलं नाही. प्रबोध आता मिक्सर दुरुस्त करतो. मी माझं नाव सांगितलं. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं, ट्रंपेट बदलली तेही. मागे कुठलं तरी मशीन चालू होतं, ते त्याने बंद केलं.

मग म्हणाला, "पुन्हा सांगा. तन्मय इथे आहे. फोन मोठ्याने लावतो."

मी पुन्हा सांगितलं. पोरगा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता, हाड जुळत असताना खोल श्वास घेता येत नाही, तसा. माझं झाल्यावर प्रबोध म्हणाला, "हा जन्मला तेव्हा मी आत होतो. दीड वर्षाचा झाल्यावर पहिल्यांदा उचलला, तर रडून दूर पळाला." आणि फोन ठेवला. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता पत्र टाकायला खाली जातो. तुला जे करायचं ते मला कर. त्या पोराला हात लावू नकोस. नीताला सांग, तिच्या बापाचा डोळा तिच्या काकाने घेतला.

मनोहर


पुंगोल
३० मार्च २०१४

दिलीप,

तू लिहिणार नाहीस हे धरूनच होतो. शुभदाने फोन केला, या वेळी सुयशला नाही, मला. तिने सांगितलं ते सगळं मी दोनदा विचारून घेतलं, कारण माझा विश्वास बसेना. तिने सांगितलं तसं लिहितो. चुकलं असेल तर कधी तरी तोंडावर सांग.

पत्र आल्यावर तू दिवसभर मोरीत बसून राहिलास. जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केलीस, कपडे केलेस, आणि पाइप घेऊन निघालास. शुभदा रस्त्यापर्यंत मागे आली, तुझा सदरा धरून. नीताने तन्मयला फोन केला की बाबा येतायत, दार लावून घ्या. तू प्रबोधच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलास. गल्लीतली माणसं बाहेर आली. तन्मय पुढे आला, एक हात झोळीत, तर प्रबोधने त्याला मागे ओढलं आणि स्वतः पायरी उतरला.

तू पाइप त्याच्या हातात दिलास. म्हणालास, "दादा परदेशात आहे. मी इथे आहे. तू दोन वर्षं भोगलीस, मी तुझ्या पोराचं हाड मोडलं. घाल."

शुभदा म्हणते, प्रबोधने पाइप हातात फिरवून बघितला. तिला वाटलं, टाकून देईल पाइप. आणि मग त्याने घातला. खांद्यावर. एकच, पण पुरा. तू गुडघ्यावर आलास, आणि शुभदा ओरडली तर तू तिला म्हणालास, "गप. बरोबर बसलाय." मग तन्मयने पाइप काढून घेतला, आणि त्या दोघा बाप-लेकांनी तुला दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं. नीता आली तेव्हा ते दोघे तुझ्या खांद्याला बर्फ लावत बसले होते.

लग्न हॉलमध्ये करायचं ठरलं म्हणे, नोंदणीच्या ऑफिसात नाही. अकरा मे. चौकातली मारामारीही अकरा मेलाच झाली होती, पण मुहूर्त तोच निघाला असेल.

मी शुभदाला विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला का? ती सांगेना. फार विचारलं तेव्हा म्हणाली, ते म्हणतात, त्याला मारायचा वाटा मी कुणाला देणार नाही. तो मी स्वतः घेणार. माझ्याच हाताने. लग्नाला बोलवा त्याला, पण आधी यायला सांगा.

हे ऐकून मी रात्रभर जागा नव्हतो, झोपलो. कधी नाही इतका झोपलो. सुयश सकाळी बघायला आला, श्वास चालू आहे का म्हणून. त्याला मी सगळं सांगितलं. तो माझ्या पलंगाच्या कडेवर बसला. नंतर म्हणाला, बाबा, मी तुमच्याबरोबर येतो. मी म्हटलं, नको. तू मध्ये आलास तर काकाला नीट हात चालवता येणार नाही. ऋचा अजून माझ्याशी बोलत नाही. माझं तिकीट मात्र तिनेच कम्प्युटरवर काढलं.

माझी हाडं म्हातारी आहेत, हे तू लक्षात घेशील न घेशील, मी सांगून ठेवतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती दोन दिवस आधी बंद करीन. तोंडावर मारू नकोस, पोरीच्या लग्नाच्या फोटोत सुजलेला काका दिसेल, लोक विचारतील. बाकी कुठेही. आणि त्यानंतर तू मला घरात घेशील की रस्त्यावर सोडशील, हे मी विचारत नाही.

विमान चार मेला दुपारी पोचतं. मी स्टँडवर उतरून थेट तुझ्याकडे येतो, सामान नीतासाठी घेतलेल्या एका साडीशिवाय काही नाही. शुभदाला म्हणावं, दार उघडं ठेव, आणि काहीही झालं तरी मध्ये पडू नकोस.

मनोहर